सवयीचे पाय

वैशाखात हत्तीगुट्टा सकाळी नवालाच तापायला लागायचा. दिलसुखनगरची शेवटची दुकानं मागे पडली की सडकेच्या डाव्या अंगाला तो डोंगर दिसे. झाड नाही की सावली नाही; एकावर एक बसलेले धोंडे आणि त्यांच्यामधून खाली उतरत आलेली कातळाची लांबरुंद पाठ. पायथ्याशी बुटांचा कारखाना. कारखान्याच्या फाटकाला लागून दौलतच्या दोन खोल्या. जमीन हिमायतनगरच्या एकनाथराव वकिलांची, कारखाना त्यांच्या मुलाचा, सुधीरबाबूंचा. फाटकावर वॉचमन दौलत आणि आत बुटांना तळवे चिकटवायला त्याची बायको मनकर्णा. खाणं, राहणं, राबणं सगळं एकाच घराच्या मुठीत. अशा माणसानं भांडायचं म्हटलं तरी उभं कुठं राहायचं?

मनकर्णाला भांडायचं नव्हतंच. तिला सूड घ्यायचा होता, आणि तोही काही फार मोठा नव्हता. सुधीरबाबूंनी ह्या कातळावरून भर उन्हात, चार लोकांदेखत अनवाणी खाली उतरायचं. बस्स. शिमग्यापासून हे एकच मागणं पोटात घेऊन ती भाकरी थापत होती, तळवे चिकटवत होती आणि मालक आले की पदर सावरून बाजूला होत होती.

सुरुवात झाली होती ती पायापासूनच.

दौलतच्या बापाला नांदेडकडच्या त्यांच्या गावात चप्पल घालून गढीपुढून जाता येत नसे. वेशीपाशी चप्पल काढायची, डोक्यावर ठेवायची आणि गढी ओलांडली की मग घालायची. गढीचं टपाल घेऊन निघाला तर सगळी वाटच अनवाणी. गढी ह्याच एकनाथरावांच्या वडलांची. म्हातारा बौद्ध झाला तेव्हा त्यानं शहरातून बाबासाहेबांची तसबीर आणली. पण दुकानातल्या अर्ध्या तसबिरी त्यानं परत केल्या. पायातले बूट दिसतील अशी उभी तसबीर पाहिजे म्हणून अडून बसला. ती आजही दौलतच्या भिंतीवर आहे. घरात जन्मलेल्या पोराला अंगड्याआधी बूट, आणि उंबऱ्याबाहेर अनवाणी पाऊल नाही, हा म्हाताऱ्यानं घालून दिलेला नेम. गाव सुटलं, तरी राखणीला ओळखीचं माणूस हवं म्हणून एकनाथरावांनी दौलतलाच बोलावलं, आणि डोक्यावर छप्पर मिळतंय म्हणून तोही आला. गरजवंताला अक्कल नसते.

अशा घरातली लेक, रोशनी, अनवाणी पळायची. शाळेला म्हणून बूट घालून निघे, ते धोंड्याआड काढून ठेवी आणि गुट्ट्याच्या माथ्यावर चढून त्या उतरत्या पाठीवरून वाऱ्यासारखी खाली येई. दसऱ्यानंतर एकदा दौलतनं तिला पकडली. कमरेचा पट्टा काढून तो तिच्या अंगावर धावला, तोच मागे मोटार थांबली.

"दौलत, मारू नकोस रे!" सुधीरबाबू ओरडतच उतरले. "मी सडकेवरून बघत होतो. ही पोर टाच टेकवतच नाही. चवड्यावर येते, बोटं पसरते आणि खडक धरते. परत पळ बघू."

रोशनीनं बापाकडं पाहिलं.

"पळ म्हणलं ना मालकांनी," दौलत म्हणाला.

ती पळाली. मग सुधीरबाबूंनी जे केलं ते दौलतच्या सात पिढ्यांनी पाहिलं नव्हतं. इस्त्रीच्या पँटीनिशी ते मुरुमावर बसले आणि त्यांनी पोरीचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. बोटं एकेक करून ताणून पाहिली, तळव्यावरची माती आपल्या रुमालानं पुसली.

त्या दिवशी दौलत जेवला नाही. "मनकर्णे," म्हणाला, "गढीवाल्याच्या नातवानं माझ्या लेकीचा पाय हातात घेतला गं. बाप असायला पाहिजे व्हता बघायला." आणि तो लहान पोरासारखा रडला. मापं घ्यायला बसलेल्या माणसाला तो पाया पडलेला माणूस समजला. इथंच चुकलं. दुसऱ्या कुणाची अशी चूक झाली नसती. ज्याच्या बापानं डोक्यावर चपला वाहिल्या त्याचीच व्हायची. त्यानंतर सुधीरबाबूंनी जे जे मागितलं त्याला दौलत हौ म्हणत गेला.

आधी पाय प्लास्टरमध्ये बुडवून साचा काढला. मग पाण्यानं भिजवलेल्या तांबड्या मातीवर पोरीला पळवलं आणि ठशांचे फोटो घेतले. टाचेच्या जागी माती जेमतेम दबलेली, पुढं मात्र पाची बोटं वेगवेगळी उमटलेली. तेव्हा लायसन्सचा जाच नुकताच सुटला होता, टीव्हीवर परदेशी बूट उड्या मारायला लागले होते आणि सगळे कारखानेवाले त्यांचीच नक्कल करत होते. सुधीरबाबू म्हणाले, आपण उलटं करू. इथला दगड आणि इथला पाय बघून बूट करू. तळवा पातळ, पुढं बोटांना पसरायला ऐसपैस जागा. कातळाच्या पाठीवर मेण ओतून त्यांनी दगडाची खरखरसुद्धा उचलली आणि तिचा साचा करून रबरी तळव्यावर उमटवली. बुटाचं नाव ठेवलं 'डेक्कन'. डोकं होतं माणसाला, नाही कसं म्हणायचं. पहिला जोड रोशनीला मिळणार होता, आणि तो घालून ती राज्याच्या संघाच्या निवडीला पळणार होती. सुधीरबाबूंनी ते सगळ्यांसमोर कबूल केलं होतं.

मग दिल्लीच्या एजंटानं फोनवर सांगितलं, टाच जाड पाहिजे. टीव्हीवरच्या बुटाला असते तशी. त्याशिवाय गिऱ्हाईक हात लावणार नाही.

टाचेला जाड गादी बसली. रोशनी रोज सकाळी ते बूट घालून उतारावरून पळे आणि सुधीरबाबू खाली घड्याळ घेऊन उभे राहत.

"बाबू, दुखरा बोले तो दुखरा," ती एकदा म्हणाली. शाळेत तिची भाषा अशीच झाली होती. "हे जाड आहे ना, टाच आधी आपटते. वरच्या हाडात कळ येते."

"नवीन आहे म्हणून. सवय होईल. अजून दोनदा जा."

ती अजून दोनदा गेली. आठवडाभर गेली. माघात एका सकाळी उताराच्या मध्यावर ती बसली ती उठलीच नाही. मनकर्णानं तिला पाठुंगळी मारून खाली आणली. नल्लकुंट्यातल्या हाडाच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि पायाच्या पाठीवरच्या हाडात गेलेली केसाएवढी रेघ दाखवली. निवडीच्या दिवशी पोर खाटेवर होती, पाय उशीवर आणि तोंड भिंतीकडं.

आणि डेक्कनची टाच? ती दुसऱ्याच आठवड्यात काढून टाकली. सुधीरबाबूंनी एजंटाला फोन करून सांगितलं, ट्रायल घेतली, टाच चालत नाही. पोरीचं हाड मोडलं तेव्हा बूट सुधारला.

पंधरा दिवस वाट पाहून मनकर्णा हिमायतनगरला गेली. तिला भीक नको होती. पोरीच्या पायाचं नीट औषधपाणी व्हावं आणि पुढच्या निवडीला तिला न्यावं, एवढंच तिला मालकांच्या तोंडून ऐकायचं होतं. सुधीरबाबूंच्या बायकोनं, उषाताईंनी दार उघडलं.

"फरशी आत्ताच पुसलीय हो. पायरीवरच बसता का?"

ती पायरीवर बसली. आत एकनाथराव पेपर वाचत होते. सुधीरबाबू टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आले आणि तिचं बोलणं ऐकून चक्क हसले. हसण्यात कपट नव्हतं, हे तिला पुढं जास्त लागलं.

"मनकर्णाबाई, काय एवढं परेशान होताय! तुमच्या लोकांच्या पायांना काय होतंय? पिढ्यान्‌पिढ्या दगडावरचे पाय तुमचे. सवयीचे. बघा, महिन्यात परत पळायला लागेल."

आतून एकनाथरावांनी पेपराचं पान उलटलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "हिचा सासरा मे महिन्यात बारा कोस अनवाणी यायचा टपाल घेऊन. हूं की चूं नाही."

मनकर्णा उठली. पायरीखाली चप्पल घातली आणि बस येईपर्यंत उन्हात उभी राहिली.  अनवाणी यायचा म्हणे! कुणी यायला लावत होतं? त्याच बसमध्ये, दिलसुखनगर यायच्या आत, तिचं मागणं ठरलं.

घरी तिनं दौलतला सगळं सांगितलं. तो बूट पॉलिश करत होता. वॉचमनचे ते काळे बूट त्याचे जीव की प्राण. ऐकता ऐकता त्याचा ब्रश थांबला, मग परत चालू झाला.

"काही बोलायलेत का तुम्ही?" मनकर्णानं विचारलं.

"काय बोलू? उद्या म्हणले खोल्या खाली करा, तर पोरीला घेऊन कुठं जायचं?"

"तुमचा बाप काढला त्यांनी."

"माझा बाप मेला," दौलत म्हणाला. "पोर जित्ती हाय." आणि तो पॉलिश करत राहिला. मनकर्णाला त्याचा राग आला. आणि त्याचं खरं होतं म्हणून जास्तच आला.

मग उन्हाळा चढला. कारखान्यात पत्र्याखाली बायका घामानं निथळायच्या. मनकर्णाचं काम असं: बुटाची खालची बाजू कानशीनं खरखरीत घासायची, ब्रशानं सोल्युशनचा एक हात द्यायचा, वाळू द्यायचं, दुसरा हात द्यायचा, दिव्याखाली गरम करून तळवा बसवायचा आणि बूट पलीकडच्या टेबलावर सरकवायचा. तिथं गंगू तो दाबयंत्रात घाले. गंगू ही नळगोंड्याकडची तेलुगू बाई, मनकर्णाची एवढी एकच मैत्रीण. सोल्युशनच्या वासानं दोघींचं डोकं दुपारपर्यंत जड होई. फर्म्यावरून, म्हणजे आतल्या पायाच्या साच्यावरून, बूट सहज निघावा म्हणून त्यावर पांढरी पावडर शिंपडायचे. ती पावडर सोल्युशनला लागली की चिकटलेलं टिकत नसे. मेस्त्री अनिल दिवसातून चार वेळा ओरडे, "पावडरचे हात सोल्युशनला नक्को लावू, अम्मा!"

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुधीरबाबूंनी सगळ्यांना अंगणात जमवलं. दिल्लीचा एजंट परदेशी साहेबाला घेऊन येणार होता. साहेबाला डेक्कन आवडला तर वर्षाचं काम लागणार होतं.

"कागदावर नाही, कातळावर दाखवणार," सुधीरबाबू म्हणाले. "मी स्वतः घालून उतरणार. कॉलेजात पळायचो मी. अनिल, माझ्या मापाचा जोड तयार कर. आणि दौलत, रोशनीला पाठव त्या दिवशी."

दौलत चाचरला. "मालक, ती अजून लंगडती जी."

"पळायचं नाहीये रे. नुसती उभी राहील उताराच्या पायथ्याशी. अनवाणी. साहेबाला दाखवायचं ना, हा पाय आणि हा त्याच्यावरून केलेला बूट."

"अनवाणी," दौलत म्हणाला.

"हो. मग काय बूट घालून?" सुधीरबाबू हसले आणि गेले.

दौलत तिथंच उभा राहिला. मनकर्णानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं नाही. ती सरळ आत गेली आणि टेबलाशी बसली. देव मानत असती तर तिनं हात जोडले असते. मालक स्वतः उतरणार होते, ह्याच कातळावरून, आणि त्यांचा जोड तिच्या हातून जाणार होता.

तो जोड दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी तिच्यापुढं आला. नऊ नंबर, निळं कापड, आतला भाग मऊ. मनकर्णानं तो घासला, पण वरवर. सोल्युशनचा एक हात दिला. वाळला. मग पावडरच्या डब्यात चार बोटं बुडवून तिनं ती पांढरी पावडर हलकेच सगळीकडं फिरवली. बाळाला न्हाऊमाखू घालून लावावी तशी निगुतीनं. कडेला मात्र बोटभर जागा कोरी ठेवली, दिसायला घट्ट दिसावं म्हणून. वरून दुसरा हात दिला आणि तळवा बसवला. हात कापत नव्हते. उलट कितीतरी दिवसांनी तिला तहान लागल्यासारखं वाटलं, तांब्याभर पाणी प्यावंसं वाटलं.

मान वर केली तर गंगू बघत होती.

"अक्का," गंगू हळूच म्हणाली, "वद्दु." नको.

"माझ्या पोरीचा पाय बघितलास ना तू?"

 गंगूनं जोड उचलला, यंत्रात घातला आणि दांडा खाली ओढला.

साहेब आला त्या दिवशी फाटकाशी शामियाना घातला होता. एकनाथराव पांढऱ्या टोपीत पुढच्या खुर्चीवर. शेजारी एजंट आणि तो उंच, गोरा, उन्हानं लाल झालेला साहेब. कारखान्याच्या बायका कडेला रांगेनं उभ्या. अकरा वाजून गेले होते. कातळावरची हवा थरथरताना दिसत होती.

रोशनी उताराच्या पायथ्याशी उभी होती. चपला काढून तिनं बाजूला ठेवल्या होत्या. एका पायावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर असा भार ती टाकत होती, कारण दगड पोळत होता. साहेबानं तिचे फोटो काढले, आधी तिचे आणि मग वाकून नुसत्या पायांचे. दौलत फाटकाशी ताठ उभा होता. त्याला तिकडं बघवत नव्हतं आणि मान वळवताही येत नव्हती.

"बस झालं ना, बाबू?" रोशनीनं वर पाहून विचारलं. पण सुधीरबाबू तोवर मागच्या वाटेनं माथ्यावर पोचले होते. त्यांनी हात हलवला आणि ते निघाले.

छान पळत होते. खोटं कशाला बोला, पोरीकडं बघून चवड्यावर उतरायची ढब त्यांनी चांगली उचलली होती. टाळ्या पडल्या. मनकर्णा ओठ दाबून मोजल्यासारखी त्यांचं एकेक पाऊल बघत होती. दोन धोंडे मागे पडले. तिसरा पडला.  टिकतंय की काय मेलं!

उताराच्या मध्यावर, जिथं रोशनी बसली होती तिथून थोडं वर, उजव्या बुटाचा तळवा जिभेसारखा लोंबला. सुधीरबाबू अडखळले, डाव्या पायावर तोल सांभाळायला गेले, तर तोही सुटला. ते पडले आणि हात टेकून ओरडले, कारण हात पोळले. उठून दोन पावलं टाकली, पण तळव्याशिवाय नुसतं कापड. ते गुळगुळीत उतारावर घसरत होतं. शेवटी त्यांनी बूट काढलेच आणि अनवाणी पाय कातळावर ठेवला.

त्यांची आरोळी खालपर्यंत आली. मालकांनी एवढ्या माणसांत आईचं नाव घेतलं.

ते उतरत होते. पाऊल टाकायचे आणि झटक्यात उचलायचे, परत टाकायचे. बायकांत कुणीतरी फिदकन हसलं. डोक्यावरची टोपी पडताना गेली होती आणि ऊन टाळूवर होतं, म्हणून एका हातानं धोंड्यांचा आधार घेत दुसऱ्या हातानं त्यांनी ते बूट डोक्यावर धरले.

दौलतनं ते पाहिलं. गढीवाल्याचा नातू डोक्यावर पायताण धरून अनवाणी त्याच्या दारापुढं येत होता. मनकर्णानं नवऱ्याकडं डोळे लावले. बघा, तिला म्हणायचं होतं, तुमच्या बापासाठी हाय हे, डोळे भरून बघा. आणि दौलत धावला. माठाखालचं ओलं पोतं ओढून तो बुटांसकट कातळावर चढला आणि त्यानं ते सुधीरबाबूंच्या पायाखाली टाकलं. मग खांद्याचा आधार देऊन त्यांना खाली आणलं.

मनकर्णाच्या तोंडाची चव गेली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं पीळ नव्हताच की काय, असं तिला वाटलं.

सुधीरबाबूंना खुर्चीत बसवलं, पाय पाण्याच्या घमेल्यात ठेवले. तळव्यांना टरारून फोड आले होते. मनकर्णानं ते नीट पाहून घेतले. तिला बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

पण साहेब एकीकडं लोंबत्या तळव्याचा बूट हातात घेऊन कातळाला हात लावून बघत होता. त्यानं झटक्यात हात मागे घेतला आणि तो भराभरा काहीतरी बोलायला लागला. एजंट हसला. सुधीरबाबूंचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"ऐकलं का बाबा?" त्यांनी एकनाथरावांना सांगितलं. "साहेब म्हणतात, इतकी खरी टेस्ट त्यांनी कुठंच बघितली नाही. एवढ्या तापल्या दगडावर नुसतं सोल्युशन टिकणार नाही, तळवा कडेनं शिवून घ्या म्हणतात. शिवलेला डेक्कन! ऑर्डर देतायत." ते मोठ्यानं हसले. पायाची कळ विसरून हसले. "आधी पोरीच्या पायानं शिकवलं, आता कातळानं शिकवलं. अनिल, पेढे आण सगळ्यांना!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वर्षाचं काम लागलं होतं, का नाही वाजवणार?

मनकर्णा टाळ्यांच्या मधोमध उभी होती. पोरीचं हाड मोडलं, बूट सुधारला. तिनं सूड घेतला, बूट आणखी सुधारला. काय माणसं ही! ह्यांच्या अंगावर थुंकलं तरी त्याचं पीक काढतील. तिचा सूडसुद्धा त्यांनी कामाला लावला होता. आणि आता पेढा वाटणार होते तिलाच.

"गप ऱ्हा अक्का," गंगू कानाशी म्हणाली. तिच्या मराठीला तेलुगूचा हेल होता. "कुणाला कळलं नाई. वाचलीस."

"कळलं न्हाई, तर केलं कशाला?" मनकर्णा म्हणाली आणि रांगेतून बाहेर पडली.

तिनं साहेबानं टेबलावर ठेवलेला बूट उचलला, तळवा पूर्ण ओढून काढला आणि आतली बाजू सुधीरबाबूंच्या तोंडापुढं धरली. पांढरी पावडर उन्हात स्वच्छ दिसत होती.

"कातळानं न्हाई उचकटला मालक. मी उचकटला. पावडर लावली मी, जाणून."

हसणं थांबलं. अनिल पुढं आला, पावडरीवर बोट फिरवलं आणि मुकाट्यानं मागे सरला.

"मनकर्णाबाई," सुधीरबाबूंना अजून उमजत नव्हतं, "पण कशासाठी?"

"पोरीचं हाड मोडलं तवा तुमच्या दारात आले व्हते. तुम्ही म्हणला, तुमच्या लोकांच्या पायांना काय होतंय. सवयीचे पाय तुमचे." तिनं घमेल्यातल्या पाण्याकडं पाहिलं. "सवय कुणाच्याच पायाला नसती, मालक. लावत्यात ती. तुमच्या लोकांनी आमच्या सासऱ्याला लावली. तुम्हाला आज पहिला दिवस व्हता."

एकनाथराव उठले. काठी जमिनीवर आपटली. "माजली ही! आमच्याच जागेत राहून, आमचंच खाऊन... दौलत! ए दौलत! हिला आत्ताच्या आत्ता फाटकाबाहेर काढ. आणि उद्या खोल्या खाली पाहिजेत मला."

सगळ्यांनी फाटकाकडं पाहिलं. कारखान्याच्या माणसांनी फाटकातल्या छोट्या दारानं वाकून जायचं आणि मोठं फाटक फक्त मालकांच्या मोटारीला उघडायचं, अशी शिस्त एकनाथरावांनीच लावलेली.  दौलतच्या बुटांवर कातळाची धूळ बसली होती. त्यानं खिशातून फडकं काढलं, वाकून आधी एक बूट पुसला, मग दुसरा. मनकर्णा त्याच्याकडं बघत होती आणि तिला पहिल्यांदाच भीती वाटली.

मग दौलतनं किल्ली काढली. छोट्या दाराकडं गेला नाही. मोठ्या फाटकाचा अडसर ओढला, एक फळी पार मागेपर्यंत ढकलली, मग दुसरी. मोटार जाईल एवढं फाटक सताड उघडं झालं. तो बाजूला ताठ उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि बायकोला कडक सलाम ठोकला.

"दौलत!" एकनाथराव ओरडले.

दौलतचा हात कपाळावरून हलला नाही.

मनकर्णा निघाली. चार पावलांवर थांबून तिनं मागे वळून हाक मारली, "रोशने, चपला घाल आधी."

रोशनीनं चपला घातल्या. मग दोघी मायलेकी त्या उघड्या फाटकातून बाहेर पडल्या, पोर थोडी लंगडत आणि आई चपला वाजवत.